न जेवणाऱ्याचं ताट

यांच्या नाकातून नळी घातली त्या दिवसापासून आमच्या घरात फोडणी बंद झाली. तसं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून घरी आलो, यांना पलंगावर टेकवलं, आणि संध्याकाळी मी कढईला हात लावणार तेवढ्यात सासूबाईंनी नुसती मान हलवली. मला कळलं. ज्या माणसाच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरत नाही, त्याच्यापर्यंत हिंग-मोहरीचा वास न्यायचा हे दोघींनाही बरं वाटेना. त्या संध्याकाळी आम्ही दहीभात खाल्ला. मी गॅलरीत उभी राहून, त्या आपल्या खोलीत दार लोटून.

आम्ही वेलचेरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी मूळची कराडची. सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे, तमिळ मुलखात आले आणि एका शाळेत हिंदी शिकवायला लागले. यांचं घराणं तंजावरकडचं मराठी, कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेलं. सासूबाई माझ्याशी मराठीच बोलायच्या, पण त्यांचं मराठी माझ्या कानाला जुन्या पत्रातलं वाटायचं. शब्द आपले, हेल सगळा तमिळ. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "जेवण झालें का?" आणि मला वाटलं या भांडायला लागल्या. पुढे खरोखर भांडलोही. मी आमटीत गूळ घातला की त्यांना राग यायचा, त्यांनी सगळ्यात चिंच कोळली की माझ्या कपाळाला आठ्या. शेवटी एका ओट्यावर दोन मसाल्याचे डबे राहिले, एक त्यांचा, एक माझा. हे दोन्हीकडचं जेवायचे आणि कोणाचं चांगलं हे कधी सांगायचे नाहीत. कचेरीला जाताना त्यांच्या डब्यात सकाळी आईची भाजी असायची आणि संध्याकाळी घरी पोळ्या माझ्या.

हे नुंगंबाक्कमला केंद्र सरकारच्या एका कचेरीत होते. निवृत्तीला चार वर्षं होती. ना विडी, ना तंबाखू, ना सुपारीचं खांड. एका रविवारी इडली खाताना म्हणाले, "घशात टोचतंय."

मी हसले. म्हटलं, "इडली कधी कोणाला टोचली आहे का?"

तेही हसले. पुढचे दोन महिने त्यांनी पुन्हा काही सांगितलं नाही. ते हसणं अजून माझ्या मानगुटीवर आहे. डॉक्टर म्हणाले दोन महिन्यांनी फारसा फरक पडला नसता. डॉक्टर चांगला माणूस होता, त्यामुळे ते खरं होतं की माझ्यासाठी होतं हे मला अजून ठरवता येत नाही.

घशात खोलवर गाठ होती. विकिरणाचे उपचार सुरू झाले आणि तिसऱ्या आठवड्यात गिळणं पूर्ण बंद पडलं. मग नळी. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला एक मोठी सिरिंज दिली आणि शिकवलं. आधी थोडं पाणी, मग कांजी, मग पुन्हा पाणी. दट्ट्या दाबायचा नाही. सिरिंज उंच धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं. नाचणीचं पीठ, डाळीचं पाणी, ताक, दूध, जे काही असेल ते असं गाळायचं की एक कणही राहता कामा नये, नाहीतर नळी बुजेल. सासूबाईंनी यांच्या जुन्या वेष्टीचे, म्हणजे इकडच्या धोतराचे, चौकोनी तुकडे कापून, उकळून, वाळवून ठेवले. दर दोन तासांनी त्यातून कांजी गाळायची. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली होती. दिवसातून सात-आठ वेळा मी उजवा हात वर करून यांच्या शेजारी उभी राहायचे आणि हे छताकडे बघायचे. आमची नजर एकमेकांना चुकवायची. नवऱ्याला भरवताना त्याच्या तोंडाकडे बघायची गरज नाही, याच्याइतकं विचित्र काही मी अनुभवलं नव्हतं.

असे तीन आठवडे गेले. घर स्वच्छ होतं, शांत होतं. सासूबाई आणि मी एकेकट्या, चोरून जेवत होतो. कधी दहीभात, कधी शेजारच्या मेसमधून आणलेलं, तेही डब्याचं झाकण गॅलरीत उघडायचं.

एका सकाळी कांजी देऊन झाली आणि यांनी माझं मनगट धरलं. आवाज घोगरा झाला होता, शब्द तुटक यायचे.

"घराला वास का येत नाही?"

"कसला वास?"

"कसलाच. तुम्ही जेवता काय?"

मी म्हटलं, "जेवतो की. साधंच."

"फोडणी देत नाही."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"फोडणी कधी देत नाहीत, माहीत आहे ना?" हे म्हणाले. "सुतकात. तुम्ही दोघी मी असताना माझं सुतक पाळताय."

इतकं बोलूनच त्यांना खोकला आला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. सुतकात फोडणी नसते, हे माझ्या माहेरीही होतं आणि यांच्याकडेही. दोन घरांत जे थोडं सारखं होतं त्यातलं हे एक. ज्या गोष्टीला आम्ही दोघी माया समजत होतो, तिचा यांच्या बाजूने काय अर्थ होत होता, ते एकदम समोर आलं. सासूबाई भिंतीला धरून खाली बसल्या.

खोकला थांबल्यावर हे म्हणाले, "आई, आज रसवांगी कर."

रसवांगी हा त्यांच्याकडचा खास पदार्थ. वांग्याच्या फोडी चिंचेच्या पाण्यात शिजवायच्या, तूरडाळ घालायची आणि धणे, हरभऱ्याची डाळ, लाल मिरची, खोबरं भाजून वाटून लावायचं. सासूबाई ती कल्चट्टीत करायच्या. कल्चट्टी म्हणजे काळ्या दगडाचं जड भांडं, त्यांच्या आईकडून आलेलं. त्या मुकाट उठल्या. मी खाली जाऊन भाजीवालीकडून लहान हिरवी वांगी आणली. परत येऊन बघते तर हे भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आले होते आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. नळी कानामागे चिकटपट्टीने चिकटवलेली. अंगात बनियन. खांद्याची हाडं वर आलेली.

सव्वीस वर्षांत ते कधी स्वयंपाकघरात येऊन बसले नव्हते. त्यांना ताट लागायचं ते बाहेर. त्या दिवशी मात्र धणे भाजताना त्यांनी बोट वर केलं, थांब म्हणून. जरा वेळाने खूण केली, आता काढ. सासूबाई म्हणाल्या, "मला शिकवतोस?" पण त्यांनी काढले. मसाला वाटला गेला, डाळ मिसळली, आणि शेवटी लहान कढल्यात तेल तापलं. मोहरी तडतडली. कढीपत्ता पडला. हिंग पडला. हे डोळे मिटून बसले होते. एका नाकपुडीत नळी, दुसरी मोकळी. त्या एका नाकपुडीने त्यांनी असा श्वास घेतला की त्यांची छाती वर आलेली मला दिसली.

"वाढ," ते म्हणाले.

मी त्यांच्या समोर स्टुलावर ताट ठेवलं. भात, त्यावर रसवांगी, कडेला तूप, भाजलेला पापड. त्यांनी ताटाकडे बघितलं, वाकून वास घेतला, बोटाने पापडाचा काठ चाचपला. मग ताट आमच्याकडे सरकवलं.

"आता तुम्ही दोघी जेवा. इथेच, माझ्यासमोर."

सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. "तू उपाशी, आणि मी खाऊं? मी आई आहें रे तुझी."

"रोज देवापुढे ठेवतेस ना?" हे म्हणाले. "तो खातो का? तो बघतो. मग तुम्ही जेवता. मला तसाच समज."

"असलें बोलूं नको."

"मग जेव."

आम्ही एकाच ताटात जेवलो, सासूबाई आणि मी, जमिनीवर बसून. तोपर्यंत आम्ही एकत्र कधी जेवलो नव्हतो. घरातली पुरुषमाणसं झाली की त्या, आणि त्यांच्यानंतर मी, अशी आमची रीत होती. त्या रडत होत्या आणि घास घेत होत्या. मीही. रसवांगी खारट झाली होती की माझ्याच डोळ्यांचं पाणी तिच्यात गळत होतं, कोण जाणे. हे खुर्चीवरून बघत होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर भूक भागलेल्या माणसासारखं काही दिसलं.

त्या दिवसापासून रोज स्वयंपाक व्हायला लागला. सकाळची कांजी झाली की हे विचारायचे, आज काय? कधी सासूबाईंचं सार, कधी माझं पिठलं. एकदा त्यांनी मला माझ्या माहेरच्या पद्धतीची भरली वांगी करायला लावली, शेंगदाण्याचं कूट घालून, आणि सासूबाईंना खायला लावली. आम्ही जेवताना ते विचारायचे, "कसं झालंय?" छान झालंय असं म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "छान म्हणजे काय? सांग नीट." मग मी सांगायला लागायचे. आधी आंबट लागतं, मग मिरची जिभेच्या कडेला येते, खोबरं शेवटी राहतं. मी भाषेची शिक्षिका, पण चवीला शब्द किती कमी आहेत हे मला तेव्हा कळलं. सासूबाई सोपं करायच्या. त्या म्हणायच्या, "तुझ्या मुंजीत झालें होतें तसें झालें आहे." हे मान हलवायचे. त्यांना बरोबर कळायचं.

मी देवाला हात जोडणं तपासणीचा अहवाल आला त्या दिवशी सोडलं होतं. आमच्या देवघरात रोज दिवा लावायचं काम माझं होतं, तेही सोडलं. सासूबाईंनी एका शब्दाने विचारलं नाही, आपणच लावायला लागल्या. भात शिजला की पहिला चमचाभर वाटीत घेऊन त्या देवापुढे न्यायच्या, दोन मिनिटं उभ्या राहायच्या आणि परत आणून मोठ्या भातात मिसळायच्या. एक दिवस मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, तुम्ही इतकी वर्षं त्याला दाखवताय. त्यानं काय दिलं तुम्हाला?"

त्यांनी वाटी भातात रिकामी केली. "मी मागायला जात नाही गं," त्या म्हणाल्या. "भात झाला, तो दाखवायला जातें."

मला तेव्हा ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं. पण दुपारी यांच्यासमोर ताट ठेवताना माझा हात जरा थांबला. मी तरी काय करत होते? हा माणूस यातलं काही खाणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी पापड जळू नये म्हणून मी जपत होते, भाताची मूद नीट पाडत होते, तूप वरून धरत होते. तो बघेल म्हणून. याला काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. देवावरचा माझा राग गेला नाही. पण सकाळी उठल्यावर आज काय करायचं हा विचार मनात यायचा, आणि त्या विचारात एक गोड हुरूप असायचा. घरात मरण येऊन बसलेलं असताना मला भाजी निवडताना आनंद होतो, याची मला लाजही वाटायची.

नाकातली नळी काढून नंतर पोटाला छिद्र पाडून तिथे नळी बसवली. नाक मोकळं झालं. त्या दिवशी हे म्हणाले, "आज दोन्ही नाकपुड्या जेवणार." आम्ही फिल्टर कॉफी केली आणि त्यांच्या तोंडाशी कॉफीचा वाटीसारखा डबरा धरला. ते किती तरी वेळ वाफ घेत बसले.

ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या आसपास, इथला पाऊस लागला. वेलचेरीत पाऊस लागला की आम्ही सगळे आधी रस्त्याकडे बघतो. दोन दिवस सलग पडला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रस्ता दिसेनासा झाला. दुपारपर्यंत पाणी तळमजल्यावर शिरलं. वीज गेली. तळमजल्यावर एक तमिळ कुटुंब राहायचं. नवरा, बायको, दोन शाळकरी मुली आणि नवऱ्याचे म्हातारे वडील. ते जिन्यात सामान घेऊन उभे होते. यांनीच मला पाठवलं, "वर बोलाव त्यांना." एरवी आमचं त्यांच्याशी नावापुरतंच बोलणं होतं.

घरात आम्ही आठ माणसं झालो. गॅस होता, तांदूळ होता, डाळ होती, दूध नव्हतं. मिक्सर बंद, त्यामुळे यांची कांजी कशी करायची हा माझा पहिला प्रश्न. नाचणीचं पीठ होतं, पण त्यात मिसळायची भिजवलेली डाळ अगदी गंधासारखी वाटावी लागायची. मी खलबत्ता काढला. तळमजल्यावरच्या बाईंनी तो माझ्या हातून घेतला. "अक्का, तुम्ही जेवणाचं बघा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, आणि खाली बसून त्यांनी अर्धा तास डाळ कुटली. त्यांच्या थोरल्या मुलीने वेष्टीचं फडकं ताणून धरलं, धाकटीने वाडगा. कांजी तीनदा गाळली. पाणी घरात शिरून त्यांचे गाद्या-कपडे खाली तरंगत होते आणि त्या दोघी पोरी कांजीत कण राहिला का ते उजेडाकडे धरून बघत होत्या.

मग आम्ही मोठ्या पातेल्यात सांबारभात केला. हे खुर्चीवर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवून होते. घरात असतील नसतील त्या भाज्या त्यांनी घालायला लावल्या, अर्धा मुळा, दोन शेवग्याच्या शेंगा, एक बटाटा. सासूबाई आणि त्या बाई फोडणीत मेथ्या किती यावर बोलत होत्या. ताटं कमी पडली तेव्हा डब्यांच्या झाकणांत वाढलं. पाच महिने ज्या माणसाने एक घास खाल्ला नव्हता, तो माणूस वाकून वाकून म्हाताऱ्यांना सांगत होता, "सापिडुंग, नल्ला सापिडुंग." जेवा, पोटभर जेवा. म्हाताऱ्यांना यांच्या आजाराचं माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही नाही बसत?" हे म्हणाले, "माझं आधीच झालं." आणि माझ्याकडे बघून हसले.

दोन दिवस ती माणसं आमच्याकडे होती. आमच्या संसारातला सगळ्यात आनंदाचा काळ कोणता असं मला कोणी विचारलं तर मी लग्नाचे दिवस सांगणार नाही, मुलीच्या जन्माचेही नाही. ते दोन दिवस सांगेन. हे ऐकून आमच्या मुलीला वाईट वाटेल. ती बंगळूरला नोकरी करते. तेव्हा तिला येता आलं नव्हतं, फोनही लागत नव्हते.

पाणी ओसरलं. माणसं खाली गेली. मार्गळी महिन्यात, डिसेंबर सरताना, यांचं वजन पुन्हा उतरायला लागलं. गाठ परत वाढली होती. डॉक्टरांनी या वेळी समजुतीचं काही सांगितलं नाही, आणि हे म्हणाले, "ठीक आहे."

पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी मुलगी घरी आली होती. आम्ही गोड पोंगल केला. गूळ विरघळला, वेलदोडा पडला, तुपात काजू तळले, आणि मी वाटी घेऊन यांच्याकडे गेले. आता ते पलंगावरून उठत नव्हते. मी वाटी जवळ नेली, तसं त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं फार गरम आहे. फुंकर घालून पुन्हा नेली. त्यांनी हात आडवा धरला. त्यांना उमासा आला. मुलीने धावत भांडं आणलं.

जरा वेळाने ते म्हणाले, "आज नको." मग म्हणाले, "चुकलं का माझं?"

मी म्हटलं, "नाही हो. राहू दे."

दुसऱ्या दिवशीही नको झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "आता फोडणी नको." सासूबाईंनी त्यांच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सेरि." बरं. घर पुन्हा गप्प झालं. या वेळी ते त्यांनी स्वतः मागितलं होतं, म्हणून आम्हाला त्याच्याविरुद्ध काही करता आलं नाही. गॅलरीत उभं राहून दहीभात खाताना मला इडलीवरचं माझं हसणं रोज आठवायचं.

मासी महिन्यातल्या, फेब्रुवारीच्या शेवटच्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास हे गेले. मी कांजी गाळून ओट्यावर निवत ठेवली होती. सासूबाई त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली नाही. मी पेला घेऊन खोलीत आले, तेव्हा त्यांनी यांचा हात सोडून आपला हात मांडीवर ठेवला होता, आणि त्या नुसत्या बसल्या होत्या. मी सिरिंज एका हातात आणि पेला दुसऱ्या हातात अशी उभी राहिले. मला आठवतं, मला त्या क्षणी एवढाच प्रश्न पडला होता की आता या कांजीचं काय करायचं. ओतून द्यायला हात धजेना.

"इकडे दे," सासूबाई म्हणाल्या.

मी पेला त्यांच्या हातात दिला. घरात देह असताना कोणी काही तोंडात घालत नाही. आयुष्यभर सोवळं-ओवळं पाळलेली, एकादशीला पाणीही मोजून पिणारी ती बाई. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि थांबत थांबत सगळी कांजी प्यायल्या. मग पदराने ओठ पुसले आणि मला म्हणाल्या, "मुलीला फोन कर."

तेरा दिवस झाले. नातेवाईक आले, गेले. तळमजल्यावरच्या बाई रोज येऊन बसायच्या. मुलगी महिनाभर राहिली. माझ्याबरोबर बंगळूरला चला दोघी, असं तिने कितीदा सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आईला ने. मी इथेच." मी म्हटलं, मीही इथेच. ती रडत गेली.

सुतक संपलं तरी आमची चूल काही सुरू होईना. मी शाळेत परत रुजू झाले. दुपारी तिथल्या कँटीनमध्ये काहीतरी खायचे. सासूबाईंसाठी सकाळी भात लावून जायचे. त्या आणि मी एकमेकींशी इतक्या जपून वागत होतो की घरात दोन पाहुण्या राहतायत असं वाटावं. त्या विचारायच्या, "जेवलीस?" मी हो म्हणायचे. मी विचारायचे, त्या हो म्हणायच्या. दोघी खोटं बोलायचो आणि दोघींना माहीत होतं. ज्याच्यासाठी ताट नीट वाढायचं तो राहिला नव्हता. एकमेकींसाठी वाढावं एवढी ओळख, खरं सांगायचं तर, आमची कधी झालीच नव्हती. आमच्या मधे सतत ते होते. भांडलो तेही त्यांच्यावरून.

असे चारेक महिने गेले असतील. आडी महिन्यात, जुलै सरताना, सासूबाईंना ताप आला. साधाच ताप, पण त्या ऐंशीच्या पुढे. डॉक्टर बाईंनी नाडी बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "या कित्येक दिवस नीट जेवलेल्या दिसत नाहीत. घरी कोण बघतं?"

मी म्हटलं, "मी."

ते एक अक्षर उच्चारताना मला जी शरम वाटली ती मी विसरणार नाही.

घरी येऊन मी मिरं-जिरं खलबत्त्यात कुटलं. तापात इथे घरोघरी मिऱ्याचं रसम देतात. मला ते कधी जमलं नव्हतं, कारण ते सासूबाईंचं खातं होतं. चिंच कोळली, लसूण ठेचला, रसम फेसाळून वर आलं तसं आच बंद केली. तूप तापवून त्यात मोहरी टाकली. घरात तो वास कित्येक महिन्यांनी पसरला. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. थोडं रडून घेतलं. मग मऊ भात कालवला, त्यावर रसम घातलं आणि वाटी घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेले.

त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि चमच्याने भरवायला लागले. नळी नाही, सिरिंज नाही. त्यांनी तोंड उघडलं, घास घेतला, गिळला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. कातडी लोंबलेली, त्याखाली तो घास खाली उतरताना दिसला. माणसाचा घास घशाखाली जातो ही केवढी गोष्ट आहे, हे मला सांगता येणार नाही. मी आयुष्यात इतकं लक्ष देऊन काही बघितलं नसेल. कोणाला तरी हात जोडावेत असं तेव्हा मनापासून वाटलं, आणि हात रिकामा नव्हता म्हणून जोडले नाहीत.

चार घास झाल्यावर सासूबाई थांबल्या.

"उप्पु कम्मी," त्या म्हणाल्या. मीठ कमी.

"घालते."

"मिरें जाड राहिलें. तुला कुटायला येत नाही."

"नाही येत."

"सव्वीस वर्षें झालीं," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. त्यांनाही. मग त्यांनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि म्हणाल्या, "तुझें ताट घेऊन ये. इथें बस."

मी भात वाढून आणला आणि त्यांच्या पलंगाशी खाली बसून जेवले. त्या बघत होत्या. मी रसमात अजून भात कालवला तेव्हा म्हणाल्या, तूप घे. मी घेतलं.

अजूनही मी दिवा लावत नाही. त्यांच्यासाठी वाती मात्र वळून ठेवते. देव तो भात बघतो की नाही, मला माहीत नाही. भात नीट झाला पाहिजे, एवढं मला कळतं.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. चौथ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघायच्या तयारीत होते, तर सासूबाई भिंतीला धरत स्वयंपाकघरात आल्या, सगळे डबे उघडून बघितले, आणि या चार दिवसांत मी त्यांच्या वस्तू कुठे कुठे ठेवल्या ते विचारायला लागल्या. त्या दिवशी माझी पावणेआठची गाडी चुकली.